परवान्याचे शुल्क आणि शेजारची विहीर

(राळेगाव, जि. यवतमाळ येथील शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



सकाळपासून कपाशीवरील बोंडअळी, तुरीवरील मर आणि सोयाबीनच्या बियाण्याबद्दल आपण ऐकले. माझा विषय पिकाचा नाही, तरी तो तुमच्या धुऱ्यापर्यंत येणारा आहे. मघाशी चहाच्या वेळी एका शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, शहराचा कचरा टाकायला सरकार परवाना देते, त्याचे पैसेही घेते. उद्या माझी विहीर नासली तर ते पैसे माझ्या विहिरीला लागतील काय?"

या प्रश्नाचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे. ते तसे का आहे आणि आपण काय करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

कचऱ्याचे पाणी कोठे जाते?

घरच्या उकिरड्यातून आपण खत करतो. त्यात शेण, काडीकचरा आणि राख असते. शहराच्या कचऱ्यात त्याशिवाय प्लॅस्टिक, बॅटऱ्या, रंगाचे डबे, औषधे, ट्यूबलाइट असे सर्व काही असते. मृगाचा पाऊस या ढिगावर पडला की पाणी आत मुरते, कुजणाऱ्या पदार्थांतील क्षार आणि धातू विरघळवते आणि काळ्या रसासारखे तळाशी येते. तळ बंद नसेल तर हे काळे पाणी जमिनीत उतरते किंवा नाल्याने वाहून जाते.

आपल्या भागातील जमीन काळी, भारी आहे. ओली असताना ती पाणी धरून ठेवते, म्हणून पुष्कळांना वाटते की काळ्या मातीवर कचरा टाकला तर खाली काही जाणार नाही. परंतु हीच माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पहिला पाऊस या भेगांतून सरळ खाली जातो. खाली मुरूम आणि फुटीर काळा दगड आहे, आणि आपल्या विहिरींना पाणी त्याच फटींतून येते. म्हणून नुसत्या काळ्या मातीच्या भरवशावर राहू नये.

यासाठी २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत भरावाच्या तळाचे निकष घालून दिले होते. तळाला ९० सेंटिमीटर जाडीचा, पाणी न मुरणारा मातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे एचडीपीईचे अस्तर, आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी त्या मातीच्या थराखाली किमान २ मीटर. जागा नदीपासून १०० मीटर आणि तळे, वस्ती, महामार्ग व पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर असावी, असेही त्यात होते.

पैसा तीन प्रकारचा असतो

बाजार समितीत कापूस विकला की पट्टीवर हमाली, तोलाई अशी निरनिराळी कलमे असतात. एका कलमाचा पैसा दुसऱ्याचा समजला तर हिशेब चुकतो. कचऱ्याच्या बाबतीतही तीन कलमे वेगळी ओळखावीत.

पहिले कलम परवान्याचे, म्हणजेच संमतीचे शुल्क. हे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरतात. महाराष्ट्रात ते साधारणपणे प्रकल्पात गुंतवलेल्या भांडवलावर ठरत आले आहे. हा पैसा अर्ज तपासण्याचा आणि देखरेखीचा. किती टन कचरा पुरला आणि तो किती वर्षे धोक्याचा राहील, याच्याशी त्याचा मेळ नसतो.

दुसरे कलम टनामागे द्यावयाच्या पैशाचे. नगरपालिका हा पैसा भराव चालविणाऱ्या ठेकेदाराला देते. येथे एक गोम आहे. जितके टन जास्त तितके ठेकेदाराचे उत्पन्न जास्त; मग कचरा कमी व्हावा असे त्याला का वाटावे? म्हणून टनाचा दर ठरविताना काय आणले यावरही तो अवलंबून असला पाहिजे. जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या नव्या नियमांत हाच विचार आहे. ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा असा चार प्रकारांत कचरा वेगळा करावयाचा, आणि जी पालिका न निवडलेला कचरा भरावावर पाठवील तिला शुल्क जास्त.

तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. भराव बंद झाल्यानंतरची अनामत. ढिगावर माती लोटली म्हणजे काम संपले असे होत नाही. आतील कचरा पुढे कित्येक वर्षे कुजत राहतो. २०१६ च्या नियमांत भराव बंद झाल्यावर किमान १५ वर्षे देखरेख सांगितली होती. या वर्षांचा खर्च भराव चालू असतानाच बाजूला काढला नाही, तर शेवटी तो करदात्यावर पडतो, किंवा ज्याच्या विहिरीत काळे पाणी आले त्याच्यावर.

लहान गावांचा हिशेब

राळेगाव तालुक्याचे ठिकाण आहे आणि येथे नगरपंचायत आहे. अशा गावांबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१६ च्या नियमांत दिवसाला ५ टनांपेक्षा जास्त कचऱ्याच्या प्रकल्पाला मंडळाचे प्राधिकारपत्र आवश्यक होते. आता उदाहरणादाखल १५,००० वस्तीचे गाव धरा. माणशी २५० ग्रॅम कचरा धरला तर रोजचे पावणेचार टन होतात. म्हणजे गाव त्या रेघेच्या खाली राहिले. अर्ज नाही, शुल्क नाही, तपासणीही क्वचित. पण काळ्या पाण्याला ही रेघ कळत नाही.

त्याच गावाचा हिशेब पुढे करू. वर्षाचे सुमारे १,३७० टन, वीस वर्षांचे सुमारे २७,४०० टन. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात, जो १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, जुने ढीग खणून, चाळून वेगळे करण्यासाठी टनाला ५५० रुपये खर्च धरला गेला. कचरा कुजून वजन घटते हे खरे, पण पूर्ण वजन धरले तर हे काम दीड कोटी रुपयांचे होते. आणि हा खर्च केवळ ढीग हलविण्याचा. भूजलात उतरलेले त्याने परत येत नाही. आज टनामागे थोडा पैसा न काढणारे गाव वीस वर्षांनी दीड कोटी कोठून आणणार?

बिछडीचा धडा

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. १९८७-८८ च्या सुमारास तेथे रसायनांचे कारखाने निघाले. वर्ष-दोन वर्षांतच काम बंद पडले, पण सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ मागे राहिला. पावसाने तो जमिनीत उतरला. विहिरींचे पाणी गडद रंगाचे झाले. ते पिण्याच्या कामाचे राहिले नाही की ओलिताच्या. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आपल्या नीरीने, तेथील पाहणी केली. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्याने प्रदूषण केले त्यानेच सफाईचा खर्च सोसावा. पुढे हा खर्च ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरला.

निकाल शेतकऱ्यांच्या बाजूचा होता. पण पैसा वेळेवर आला नाही. अर्ज आणि फेरअर्ज चालूच राहिले. जुलै २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की मूळ रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरा. १९८९ साली दाखल झालेला दावा! या बावीस वर्षांत त्या गावात लहानाचे मोठे झालेल्या मुलाने आपल्या विहिरीचे पाणी कधी प्यायले असेल? न्याय मिळणे आणि विहीर मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अनामत आधी घेतली असती तर निदान पहिले काम निकालाच्या दिवशीच सुरू झाले असते.

आपल्या राज्यातही असे प्रसंग आहेत. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथे वर्षानुवर्षे पडला आणि तेथील विहिरी नासल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव-मांडकी भागातील गावकऱ्यांनी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. तेव्हा शहराच्या रस्त्यांवर कचरा साचला. जो खर्च शहराने हिशेबात धरला नव्हता तो त्या दिवशी दारात येऊन उभा राहिला.

इतर देशांनी काय केले?

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर १९९६ पासून पुरलेल्या कचऱ्यावर कर आहे. प्रथम तो टनाला ७ पौंड होता. एप्रिल २०२५ मध्ये तो १२६ पौंडांवर गेला. २००० च्या सुमारास तेथील पालिकांचा सुमारे चार पंचमांश कचरा पुरला जाई. आता तो एक दशांशाहूनही कमी आहे. अर्थात बराचसा कचरा जाळण्याकडे वळला, आणि शुल्क चुकविण्यासाठी रानात चोरून कचरा टाकणारेही निघाले. म्हणून शुल्क वाढविले आणि पहारा ठेवला नाही, तर रात्रीची गाडी आपल्याच नाल्यावर रिकामी होईल, हेही लक्षात असू द्यावे.

अमेरिकेत १९९१ च्या नियमांनी भरावाच्या मालकावर, भराव बंद झाल्यावर ३० वर्षे काळजी घेण्याची जबाबदारी घातली आणि त्या खर्चाची आर्थिक हमी आधीच देण्यास सांगितले. मालक बुडाला तरी सफाईचा पैसा बुडू नये, हा त्यामागील हेतू. आपण ग्रामसभेत हाच मुद्दा धरावा.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) कचऱ्याची जागा ठरत असतानाच बोलावे. संमती किंवा प्राधिकारपत्र, तळाच्या अस्तराचा आराखडा आणि बंद झाल्यानंतरच्या खर्चाची तरतूद, या तीन कागदांची प्रत माहिती अधिकारात मागावी. तिसरा कागद नसेल तर तसे लेखी घ्यावे.

२) कचरा पडण्यापूर्वी विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि अहवाल सातबाऱ्यासारखा जपून ठेवावा. त्यानंतर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर नमुना द्यावा. विद्युत वाहकता, क्लोराइड, नायट्रेट, शिसे आणि कॅडमियम पाहण्यास सांगावे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

३) नायट्रेट आपल्या युरियातून आणि गोठ्यातूनही येते. म्हणून ढिगाच्या वरच्या अंगाच्या एका विहिरीचा आणि खालच्या अंगाच्या विहिरीचा नमुना एकाच दिवशी घ्यावा. या दोहोंतील फरक हाच तुमचा पुरावा.

४) पाणी बिघडल्यास तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यास आहे. नुकसानभरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. उशीर करू नये.

५) शहराच्या कचऱ्यापासून केलेले खत घेण्यास हरकत नाही, परंतु खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे तपासलेले असेल तरच. त्यात किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जुन्या ढिगातील चाळलेली माती कोणी फुकट देत असेल तर विश्लेषणाचा अहवाल पाहिल्याशिवाय वावरात टाकू नये. शिसे एकदा मातीत गेले की पाऊस ते धुऊन नेत नाही.

आपलाही उकिरडा पाहावा

शेवटी स्वतःविषयी थोडे. २०१७ साली फवारणीतील विषबाधेने आपल्या जिल्ह्यात जे घडले ते कोणी विसरलेले नाही. फवारणीच्या रिकाम्या बाटल्या आपण धुऱ्यावर, नाल्यात किंवा गावच्या कचऱ्यात टाकतो. मग दुसऱ्याच्या ढिगाबद्दल बोलताना आपला आवाज खाली जातो. बाटली तीन वेळा विसळावी, विसळलेले पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, बाटलीला भोक पाडावे आणि ती पाण्याच्या किंवा धान्याच्या कामी कधीही वापरू नये. ओल्या कचऱ्याचे खत घरीच केले तर गावच्या ढिगाचा मोठा भाग मुळातच कमी होतो.

बंधूंनो, परवाना म्हणजे कागद आणि शुल्क म्हणजे त्या कागदाची किंमत. विहिरीची किंमत त्यात धरलेली नसते. ती कोणीतरी धरावी लागते, आणि विहीर ज्याची आहे त्यानेच पहिल्यांदा ती विचारावी. पुढच्या ग्रामसभेत किंवा नगरपंचायतीच्या दारात जाल तेव्हा परवाना आहे काय, एवढेच विचारून परत येऊ नका. सफाईचा पैसा कोठे ठेवला आहे, हेही विचारा.