ट्रेकवरचं पाणी: कोणतं प्यायचं, कोणतं नाही?

कुरुळीतून बोलतोय. शनिवारी शिफ्ट सुटली की आपल्याकडची बरीच पोरं नाशिक हायवेला लागतात. चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव करत जुन्नर गाठायचं आणि मग चावंड, हडसर, जीवधन नाहीतर नाणेघाट. सॅकमधल्या बाटल्या चढावरच संपतात. वर गेल्यावर प्रश्न येतो, टाक्यातलं पाणी प्यायचं का?

ग्रुपमध्ये एक जण म्हणतोच, "मागच्या वेळी सगळे प्यायलो, कुणाला काही झालं नाही." पण कसं कळणार? टायफॉइड बऱ्याचदा एक-दोन आठवड्यांनी उठतो. हिपॅटायटिस ए, म्हणजे पाण्यातून येणारी कावीळ, १५ ते ५० दिवसांनी दिसते. तोपर्यंत ट्रेक विसरलेला असतो आणि दोष वडापाववाल्यावर जातो.

जानेवारी २०२५ आठवा. पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले. हातापायातली ताकद गेली, काही जण व्हेंटिलेटरवर गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला आणि संशय पाण्यावर गेला. असले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून "पाणी काचेसारखं स्वच्छ आहे" याला अर्थ नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी कुठून घ्यायचं? पाण्यात दोन प्रकारची घाण असते. एक जंतू, दुसरी केमिकल. जंतू मारता येतात. केमिकल उकळून जात नाही, उलट वाफ गेली की उरलेल्या पाण्यात ते जास्त दाट होतं. क्लोरीनची गोळीही तिथे काही करत नाही. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यामुळे कंपन्यांच्या, वस्तीच्या खालच्या अंगाला वाहणारा ओढा असेल, तर कितीही तहान लागली तरी ते पाणी बाटलीत भरायचं नाही. फवारणी चालू असलेल्या शेतातून आलेलं पाणीही नको.

गडावरच्या टाक्याचं तसं नाही. वर कंपनी नाही, शेत नाही, कातळात साठलेलं पावसाचं पाणी आहे. किल्ला बांधण्याआधी पाणी बघा, हे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सांगून ठेवलंय. पण तेव्हा टाक्याच्या काठावर रविवारी शेकडो लोक हात-पाय धूत नव्हते. शिवाय माकडं, गुरं, वटवाघळं येतातच. म्हणजे इथे भीती मुख्यतः जंतूंची, आणि त्यावर इलाज आहे. हिरवी साय आलेलं, वास येणारं टाकं मात्र सोडून द्या.

पहिली पायरी, गाळणं. आजी घागरीवर फडकं बांधायची ना, तेच. बांगलादेशात जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळायला लावलं, तर कॉलरा जवळपास निम्म्यावर आला. हा अभ्यास २००३ मध्ये छापून आलाय. पण निम्म्यावर आला म्हणजे संपला नाही. तुरटीनेही गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. ही फक्त तयारी झाली.

दुसरी पायरी, जंतू मारणं. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे उकळणं. पाणी खळाखळा उकळायला लागलं की पुढे पूर्ण एक मिनिट. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, पण आपलं कळसूबाईच १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रात कुठेही एक मिनिट पुरे. हिमालयात गेलात तर तीन.

स्टोव्ह नसेल तर मेडिकलमधून क्लोरीनच्या गोळ्या घ्या. एक गोळी किती लिटरला, ते पाकिटावर बघा. टाकून निदान अर्धा तास थांबा, पाणी गार असेल तर आणखी थोडं. घोट घेताना हलका क्लोरीनचा वास आला तर चालतं. गढूळ पाण्यात गोळीचा जोर कमी पडतो, म्हणून आधी गाळायचं. आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, तो उकळल्यावर मरतो.

ऑनलाइन मिळणारे ०.१ मायक्रॉनचे ट्रेकिंग फिल्टर जिवाणू आणि असले परजीवी अडवतात. व्हायरस त्याहून बारीक, तो निसटतो. म्हणून फिल्टर आणि वर गोळी, ही जोडी चांगली.

तिसरी गोष्ट सगळे विसरतात. ज्या बाटलीने टाक्यातून पाणी काढलं, तिच्या तोंडाला आणि झाकणाला कच्चं पाणी लागलेलं असतं. भरायची बाटली वेगळी, प्यायची वेगळी. झाकणावर चक्क मार्करने खूण करा.

एवढं करूनही कुणाला जुलाब लागलेच, तर आधी अंगातलं पाणी सांभाळा. सॅकमध्ये ओआरएसची दोन पाकिटं असू द्या. नसतील तर एक लिटर सुरक्षित पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शौचातून रक्त, ताप किंवा पायांत मुंग्या येऊन ताकद कमी वाटली, तर थेट दवाखाना.

या रविवारी निघणार असाल तर ग्रुपवर आत्ताच विचारा, गोळ्या कोण आणतंय, स्टोव्ह कोण आणतंय. तुमच्या नेहमीच्या गडावर कोणत्या टाक्याचं पाणी चांगलं आहे, तेही आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!