पावसाळी लिली आणि सुपलीतले कांदे

गेल्या महिन्यात एका ताईंनी विचारलं होतं, मोबाईलवर दिसतात ती पिवळी डॅफोडिलची फुलं आपल्याकडे येतील का? त्यातली बुटकी, कुंडीत मावणारी जात मिळते म्हणे. मला हसूच आलं, कारण तो प्रयोग मी पैसे घालवून करून बसले आहे. शहरातल्या एका प्रदर्शनात मी आठ कंद घेतले. वीतभर उंचीचं झाड, फुलांनी भरून जाईल, असं विकणाऱ्याने सांगितलं. दिवाळीनंतर लावले. पात छान आली, फूल एकही नाही. उन्हाळा लागला तशी पात पिवळी पडली आणि मे महिन्यात माती उकरली तर हाताला नुसती टरफलं लागली.

चूक मातीची नव्हती, खताचीही नव्हती. डॅफोडिलच्या कंदाला फूल धरायला सलग तीन-चार महिने चांगली थंडी लागते, दहा अंशांच्या खालची. काश्मीरमध्ये त्याच जातकुळीतला नर्गिस थंडी सरताना फुलतो. आमच्याकडे वाई भागात पहाटे कुडकुडायला होतं, पण दुपारी ऊन तापतंच. तेव्हा ताई, पैसे जपून ठेवा. त्याच कुळातलं एक बुटकं फूल तुमच्या परड्यात बहुतेक आधीच असेल. आपण त्याला रेन लिली म्हणतो, पावसाळी लिली म्हणतो. पहिला पाऊस पडला की चार-पाच दिवसांत जमिनीतून सरळ वर येतं ते, एका दांड्यावर एकच फूल, सहा पाकळ्यांचं. इंग्रज अभ्यासक विल्यम हर्बर्ट यांनी 1821 मध्ये त्याला झेफिरँथस हे शास्त्रीय नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पश्चिम वाऱ्याचं फूल. मूळचं ते अमेरिका खंडातलं, पण आपलाही पाऊस पश्चिमेकडूनच येतो, म्हणून नाव आपल्याकडेही शोभतं.

आता खरी सांगायची गोष्ट. कांदा आणि लसूणसुद्धा याच मोठ्या कुळात येतात. त्यामुळे पात सारखी, कंद सारखा, आणि आपण तर लिलीच्या कंदालाही कांदाच म्हणतो. हा शब्दच आमच्या घरी घात करून गेला. तीन वर्षांपूर्वी मी माहेराहून पांढऱ्या लिलीचे कंद आणले, धुतले आणि सुकायला सुपलीत घालून स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवले, लसणाच्या शेजारी. सासूबाईंनी विचारलं, हे कसले गं? मी बाहेरूनच ओरडले, लिलीचे कांदे! त्यांना फक्त कांदे ऐकू आलं. संध्याकाळी त्यांनी दोन कंद चिरून पिठल्याच्या फोडणीत टाकले. रात्री त्यांना उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. चूक माझी होती, त्यांची नव्हती. या कंदात लायकोरीन नावाचं द्रव्य असतं, डॅफोडिलमध्येही तेच. त्याने मळमळ, उलट्या, पोटात कळा येतात. लहान पोराच्या किंवा शेळीच्या पोटात गेलं तर आणखी काळजीचं. असं झालं तर मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. उरलेला कंद किंवा पात पिशवीत घ्या आणि सरळ आरोग्य केंद्रात जा, नाहीतर 108 ला फोन करा. काय खाल्लं ते डॉक्टरांना दाखवता आलं पाहिजे.

मग ओळखायचं कसं? पात चुरगळा आणि वास घ्या. कांदा-लसणाचा वास लपत नाही, लिलीला तो वास नसतो. पण लसूण सोलून आलेल्या हाताने हे करू नका, सगळंच लसूण वाटेल! दुसरं, पात मोडून बघा. कांद्याची पात आतून पोकळ, फुंकणीसारखी. पांढऱ्या लिलीची पात दिसायला तशीच गोलसर आणि हिरवीगार, पण आतून भरीव. लसणाची पात मात्र चपटी असते, तिथे वासावरच जायचं. कंद असेल तर लसणाच्या गड्ड्यात कुड्या निघतात, लिलीचा कंद एकसंध, वरून तपकिरी-काळं पातळ साल. आणि जराही शंका असली तर तो कंद कुंडीत लावायचा, कढईत नाही.

ओळखण्याची दुसरी गरज आमच्या बचत गटाला पडली. आम्ही कंद विकायला काढले आणि पहिल्याच वर्षी पिवळी म्हणून दिलेली गुलाबी निघाली. एक बाई पिशवी घेऊन परत आली, चारचौघींत बोलली. गेलेल्या पैशांपेक्षा ते जास्त लागलं. तेव्हापासून नीट बघायला शिकलो. गुलाबीची पात चपटी, या तिघींत सगळ्यात रुंद, फूलही सगळ्यात मोठं. नर्सरीत हिला बरेचदा रोझिया म्हणून देतात, पण खरी रोझिया वेगळी, तिचं फूल बरंच लहान. आपल्याकडची मोठी गुलाबी म्हणजे बहुतेक कॅरिनाटा. पांढरीची पात बारीक, जाडसर, चकचकीत, बाराही महिने हिरवी, आणि तिला ओल आवडते, मोरीच्या पाण्याजवळ खुशाल वाढते. पिवळीची पातही बारीकच, पण पांढरीइतकी गुबगुबीत नसते. फूल गेल्यावर पिवळीला तीन फुगीर कप्प्यांचं बोंड धरतं आणि त्यात कागदासारखं पातळ काळं बी निघतं. ते ताजं असताना पेरलं तर लवकर उगवतं. माझ्या परड्यात गुलाबीला बी धरलेलं फारसं दिसलं नाही.

एवढं असूनही पात सुकलेली असली की मी अजून फसते. म्हणून आम्ही एक सोपा उपाय केला आहे. फूल उमललेलं असतानाच त्या झाडाच्या बुडाशी त्याच रंगाचा लोकरीचा धागा सैल बांधायचा. फूल एक-दोन दिवसच टिकतं, तेव्हा पावसानंतर सकाळी लोकर खिशात घेऊनच फिरायचं.

लावायचं म्हणाल तर आत्ता, मे संपायच्या आत. अर्धा दिवस तरी ऊन लागेल अशी जागा, पाणी साठणार नाही अशी माती, त्यात थोडं शेणखत. दोन पेरं खोल, तीन-तीन बोटांवर एक कंद. एकटा-दुकटा लावू नका, आठ-दहा एकत्र असले तरच डोळ्यांत भरतात. खत जास्त झालं तर नुसती पात माजते. कुंडीत असेल तर दोन-तीन आठवडे पाणी तोडा आणि मग एकदम भरपूर द्या, पाऊस आला असं वाटून ती फुलते. दर दोन-तीन वर्षांनी झुबका उपटून कंद वेगळे करा. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि केशरी डाग असलेल्या अळ्या येतात, एका रात्रीत पात फस्त करतात. संध्याकाळी काठीने वेचून साबणाच्या पाण्यात टाका, फवारणीचा खर्च कशाला?

आमच्या पाकिटावर आता दोन ओळी असतात. वर रंग, खाली मोठ्या अक्षरात 'खायचा नाही'. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कढईवर फुली मारलेलं चित्रही काढतो, ते माझी पुतणी काढते. सासूबाई बऱ्या आहेत. बाजारातून आणलेला प्रत्येक कांदा मात्र त्या अजून नाकाशी धरल्याशिवाय चिरत नाहीत.