सायकलीवरचा परदेश आणि रात्रीचा मुक्काम



चिटणीसबाईंनी मला वर्धापनदिनानिमित्त चार शब्द बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. परंतु गेले दोन महिने आमच्या घरात एक प्रश्न घोळतो आहे, तोच तुमच्यापुढे ठेवते. माझी पुण्याची भाची हॉलंड आणि जर्मनी या देशांत तीन आठवडे सायकलीवर हिंडायला निघाली आहे. एकटी! पाय दुखतील का, असे तिला कोणी विचारले नाही. जो तो एकच विचारतो, “रात्री निजणार कुठे?”

प्रश्न काही खोटा नव्हे. सामान जितके कमी तितकी सायकल चांगली पळते, म्हणून ती दोन जोड कपडे, पावसाचा कोट, पंक्चरचे सामान आणि औषधे एवढेच नेणार. तंबू नाही, स्टोव्ह नाही. तंबू घेतला तर दोन-तीन किलो वाढतात, पण रात्र आपल्या हाती राहते. नाही घेतला तर रोज संध्याकाळी कोणाचे तरी दार शोधणे आले. आपल्या वारकऱ्यांचे बरे असते, दिंडीचे मुक्काम वर्षानुवर्षे ठरलेले. हिला तिथे कोण ओळखते?

मग मी तिच्याच मागे लागून सगळी माहिती काढून घेतली. जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर होते. १९०९ च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी हिंडताना ते वादळात सापडले. एका खेड्यातल्या शाळेने खोली दिली, शेतकऱ्याने पेंढा दिला, आणि मुले निजली. मास्तरांना मात्र त्या रात्री सुचले, की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, त्या वाटसरू मुलांना का देऊ नयेत? त्यातूनच पुढे १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे युवक वसतिगृह निघाले. आज अशी वसतिगृहे देशोदेशी आहेत. एका खोलीत चार-सहा खाटा, पुष्कळ ठिकाणी बायकांची खोली वेगळी, आणि दर हॉटेलपेक्षा कमी. पेंढ्यावरून गोष्ट कुठल्या कुठे गेली पाहा!

हॉलंडात आणखी एक सोय आहे. सायकलीने येणाऱ्यांना घरची खोली आणि सकाळची न्याहारी ठराविक माफक पैशांत देणाऱ्या कुटुंबांचे तिथे एक मोठे मंडळच आहे. १९९३ पासून ‘वॉर्म शॉवर्स’ नावाचीही एक यादी चालते. तीत सायकलवालेच सायकलवाल्यांना फुकट उतरवून घेतात. उतरून गेलेले लोक यजमानाविषयी चार ओळी लिहून ठेवतात. भाची त्यांतल्या फक्त बायकांनी लिहिलेल्या ओळी वाचून घर निवडते. हे मला पटले. स्थळ पाहताना आपण दुसरे काय करतो?

आता अडचणी. व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या ठिकाणांचा पुरावा जोडावा लागतो, म्हणजे जिथे पाय थकतील तिथे थांबू, हे चालत नाही. दुसरे, जूनमध्ये तिकडे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो. माणूस उजेडाला फसून सायकल हाणत राहतो आणि पोचतो तेव्हा कचेरीला कुलूप. म्हणून दुपारीच फोन करायचा आणि जवळपासचा दुसरा पत्ता खिशात ठेवायचा, असे तिचे ठरले आहे.

पुण्याचीच वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये सायकलीने जगाला फेरी घालून आली, सुमारे एकोणतीस हजार किलोमीटर, वय अवघे वीस. रशियात बर्फात तिने एकटीने तंबू ठोकून रात्री काढल्या. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटले. मी दोन्ही गोष्टी माझ्या बहिणीला सांगितल्या. नुसती पहिली सांगणे ही फसवणूक झाली असती.

आपल्याच जिल्ह्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी १९६२ मध्ये सतीशकुमार आणि मेनन या दोन तरुणांना, दिल्लीहून पायी जग हिंडायला निघताना, पैसे बरोबर नेऊ नका असे सांगितले होते. पैसे असले की माणूस खाणावळ आणि धर्मशाळा शोधतो. नसले की दार ठोठावतो, बोलतो. ते दोघे मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनपर्यंत पोचले. विनोबांविषयी मला फार आदर आहे. पण एकट्या मुलीला मी असे धाडणार नाही. पैसे तिने दोन ठिकाणी वेगवेगळे शिवून न्यावेत.

बहिणीने मला विचारले, “तू सांग, पाठवू की नको?” मी पाठव म्हटले. रोज निजण्यापूर्वी ठिकाणाचा पत्ता आईला कळवायचा, एवढी अट घातली. तिकीट काढून झाले आहे.

शेवटी आपल्या गावाचे. पावसाळ्यात नेरळहून कळंबच्या सडकेने मुंबईचे सायकलवाले येतात, हे आपण सगळ्याच पाहतो. गेल्या जुलैत दोन मुली चिंब भिजून आमच्या ओट्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी अगदी हाच प्रश्न विचारला. त्या रात्री त्या आमच्या माजघरात निजल्या, सकाळी तांदळाची भाकरी खाऊन गेल्या. पण दर वेळी कोणाच्या ओट्यावर दिवा असेलच असे नाही. मंडळाची खोली भजनाचे दिवस सोडले तर रात्री बंदच असते. आतून कडी, दोन गाद्या, नाव-गाव लिहायला एक वही आणि दारावर दोघी-तिघींचे फोन, इतके झाले तरी वाटेवरच्या बायका-मुलींना पुरे. किल्ली मी ठेवीन. गाद्यांच्या खर्चाचे मात्र पुढच्या सभेत ठरवावे लागेल.