घडविणारा कोण, ठरविणारा कोण?

(जालना येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)

'डिझाईन' म्हटले की मुंबई-अहमदाबादची वातानुकूलित दालने डोळ्यांपुढे येतात आणि हा प्रश्न आपला नव्हे असे आपण समजतो. ही समजूत चुकीची आहे. प्रत्येक वस्तूचा आकार, वजन आणि उंची कोणीतरी ठरवीत असतो. जिला ती जन्मभर हाताळावयाची, तिला मात्र कोणी विचारीत नाही.

आपल्या जिल्ह्यातच पाहा. दिवाळीच्या सुमारास घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात. नवराबायकोच्या जोडीला मुकादमाच्या भाषेत 'एक कोयता' म्हणतात. माणसे दोन, हिशेब मात्र एका हत्याराचा! बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढते. त्या ट्रकची उंची कारखान्यात इंचाइंचाने ठरली. त्या फळीचे आरेखन मात्र कोणीच केलेले नाही. ज्या कोपीत ती सहा-सहा महिने राहते, तेथे आडोशाने अंघोळ करण्याइतकीही जागा नसते.

ज्यांनी हे शास्त्र देशात आणले त्यांना हे अगदीच अज्ञात होते असे नव्हे. 1958 साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने अहवाल लिहिला. त्यात आपल्या साध्या लोट्याचा गौरव आहे, आणि तो कोणा एकाने नव्हे, पिढ्यांनी रचला अशी कबुलीही आहे. पुढे 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय संस्था निघाली, 1969 साली पवईच्या आय.आय.टी.त या विषयाचे केंद्र झाले. तेथे आज राखीव जागा आहेत, त्या हव्यातच. परंतु पिढ्यांच्या वारसाला 'कारागीर' आणि पदवीधराला 'डिझायनर' म्हणण्याची रीत कायम आहे, आणि मजुरीही त्याच रीतीने ठरते.

2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचेच घ्या. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तसल्याच चपला मिरविल्या, उगमाचा उल्लेखही न करता. ओरड झाल्यावर कंपनीने उगम मान्य केला आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. हे चांगलेच झाले. पण त्या ओरडीत कोल्हापूरच्या अस्मितेचा गजर फार होता. कातडे कमावणाऱ्या ढोर आणि चप्पल शिवणाऱ्या चर्मकार समाजांना याच धंद्यापायी गावाबाहेर ठेवले गेले, हे किती जणांनी उच्चारले? वेण्या घालणाऱ्या बायांचे नाव तर वर्तमानपत्रांतही क्वचितच आले.

म्हणून, साथींनो, या हंगामापूर्वी प्रत्येक तालुक्यात टोळ्यांबरोबर बसा. कोयत्याची मूठ बाईच्या तळव्यास बसते काय, फळी किती रुंद हवी, कोपीत मोरी कोठे हवी, हे बायांनाच विचारा व त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ते कागद ऊसतोड कामगार महामंडळाकडे आणि पवईच्या केंद्राकडेही न्यावयाचे आहेत, आणि नेताना त्या बायांपैकी दोघी-तिघी बरोबर हव्यात. मुकादमाची गाडी गावात येण्याआधी हे झाले पाहिजे.