खडकावरची राने

युरोपात चुनखडीच्या उभ्या, सैल दगडांच्या उतारांवर लिंडेन वृक्षांची राने आहेत. दगड घसरून खोड मोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटणारा हा वृक्ष तिथे टिकतो.

आपल्या निघोजे-चाकण भागातला खडक मात्र चुनखडीचा नव्हे, तर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, म्हणजे बेसाल्टचा. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या अशा कोरड्या उतारांवर सालई, मोई, पांगारा, निवडुंग एकमेकांच्या सोबतीने वाढतात. तिथलेच धामण आणि कांडोळ हे वृक्ष तर लिंडेनच्याच कुळातले, भेंडीच्या कुळातले!

कांडोळ एकदा तरी जवळून पाहाच. पांढरट गुलाबी, गुळगुळीत खोड. कागदासारखे पापुद्रे सुटणारी साल. चांदण्यात ते असे उजळते, की लोक त्याला ‘भुत्या’ म्हणतात. पाने झडल्यावर फुलोरा येतो. लाल फळांना मात्र हात लावू नका, त्यांवरची कुसे टोचतात.

त्याचा डिंक औषधात वापरतात. पण डिंकासाठी खोल घाव घातले तर झाड वाळते, शिवाय उन्हाळी वणव्यात त्याची रोपे जळतात. म्हणून डोंगरावर काडी पेटवू नका, उघडा दिसणारा उतार ओसाड समजू नका.