यकृताचे आरोग्य : काविळीच्या आधी आणि नंतर

(तळेगाव (श्यामजी पंत), जिल्हा वर्धा येथील ग्रामस्थांसाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, जेथून आर्वीकडे जाणारा रस्ता फुटतो, तेथे तळेगाव वसले आहे. एस. टी. चे आगार, मालमोटारींची अहोरात्र वर्दळ, रस्त्यालगतचे ढाबे आणि भोवतालच्या शिवारातील संत्र्याच्या बागा व कपाशी ही या परिसराची ओळख होय. अशा गावी यकृतावर बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. परंतु यकृताला अपाय करणाऱ्या बहुतेक गोष्टी महामार्गावरील गावातच एकत्र येतात. उघड्यावरील खाणे, कोठून भरले हे ठाऊक नसलेले पाणी, तासन्‌तास बैठे काम आणि श्रमपरिहाराच्या नावाखाली घेतलेला पेला, यांपैकी काही ना काही प्रत्येक घराच्या उंबरठ्यापर्यंत आलेले असते.

प्रथम या अवयवाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे, कारण मराठी भाषेनेच थोडा गोंधळ करून ठेवला आहे. खाटकाकडे कलेजी मागणाऱ्याला यकृत मिळते. मात्र ‘काळीज धडधडले’ असे म्हणणाऱ्याच्या मनात हृदय असते. यकृत धडधडत नाही आणि सहसा दुखतही नाही. उजव्या बरगड्यांच्या आड असलेला, प्रौढ माणसात सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव मुकाट्याने आपले काम करीत असतो. पित्त तयार करणे, अन्नातील साखर साठवून गरजेप्रमाणे रक्तात सोडणे, रक्त गोठविणारी द्रव्ये व प्रथिने निर्माण करणे, औषधे आणि विषारी पदार्थ निष्प्रभ करणे ही सारी कामे त्याच्याकडे आहेत. त्याचा काही भाग कापून काढला तरी उरलेला भाग वाढून ती उणीव भरून काढतो. हा गुण मोठाच आहे, पण तोच घातकही ठरतो. बराचसा भाग निकामी होईपर्यंत यकृत तक्रार करीत नाही. रोगी दवाखान्यात पोहोचतो तेव्हा अनेकदा वर्षानुवर्षांची हानी होऊन गेलेली असते.

म्हणूनच किरकोळ वाटणाऱ्या खुणांकडे पाहण्याची सवय लागली पाहिजे. अन्नावरची वासना उडणे, मळमळ, काम न करताही येणारा थकवा, उजव्या कुशीत जडपणा या तक्रारी साध्या अपचनाच्याही असू शकतात. त्या दोन आठवडे टिकल्या तर मात्र तपासणी करून घ्यावी. लघवी चहासारखी गडद होणे ही त्याहून स्पष्ट खूण होय. कावीळ डोळ्यांत दिसण्यापूर्वी कित्येकदा ती लघवीत दिसते. विष्ठेचा रंग मातकट-पांढुरका होणे व अंगाला खाज सुटणे यांवरून पित्ताच्या वाटेत अडथळा असावा, असा तर्क करता येतो. जुनाट विकारात तळहात लालसर होतात, छातीवर व खांद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रक्तवाहिन्या उमटतात, किरकोळ धक्क्यानेही अंगावर निळे डाग पडतात, हातपाय वाळत जातात आणि पोट मात्र पाण्याने फुगते. धोतर किंवा लुगडे कमरेला आवळू लागले म्हणजे माणूस अंगाने भरला, असे घरच्यांना वाटते. पायांवरची सूज त्यांच्या नजरेतून सुटते.

काही लक्षणे अशी आहेत की, तेथे उद्याची वाट पाहता येत नाही. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी विष्ठा, काविळीच्या रोग्याने असंबद्ध बोलणे, दिवसा झोपणे व रात्री जागणे, गुंगी येणे, पोट फुगलेले असताना ताप व पोटदुखी सुरू होणे, यांपैकी काहीही दिसताच रोग्याला रुग्णालयात हलवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. वर्धा जिल्हा या बाबतीत इतर अनेक जिल्ह्यांपेक्षा भाग्यवान आहे. सेवाग्राम येथे १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नाने देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, आणि तेथील कस्तुरबा रुग्णालय त्याही आधीपासून खेड्यापाड्यांतील रोग्यांची सेवा करीत आले आहे.

आता काविळीविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण कावीळ हा स्वतः रोग नसून रोगाची खूण आहे, हीच गोष्ट समाजात पुरेशी रुजलेली नाही. शिवाय डोळे पिवळे दिसले म्हणजे दोष यकृतातच आहे, असेही नाही. विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार अनेक कुटुंबांत आढळतो. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि यकृत निरोगी असतानाही डोळ्यांत पिवळी झाक येते. अशा मुलाला काविळीचे औषध पाजत राहिल्यास खऱ्या विकाराचे निदान लांबते. (जाता जाता, काविळीच्या रोग्याला सारे जग पिवळे दिसते ही म्हण म्हणून चांगली असली, तरी वैद्यकशास्त्राला तसा अनुभव नाही.)

पावसाळ्यात जी कावीळ गावात साथीच्या रूपाने येते, ती बहुधा ‘ए’ किंवा ‘ई’ या विषाणूंमुळे येते. दोहोंचा मार्ग एकच : मैला पाण्यात मिसळतो आणि ते पाणी पोटात जाते. १९५५-५६ साली दिल्लीत सांडपाणी यमुनेच्या पाण्यात मिसळून ते नळाला आले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ‘ई’ विषाणूची साथ होती, हे पुष्कळ वर्षांनी, साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून सिद्ध झाले. महाराष्ट्रात १९८१ साली कोल्हापुरात आणि २०१२ साली इचलकरंजीत अशाच साथी आल्या. निरोगी तरुण माणूस या काविळीतून बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. परंतु गर्भवती स्त्रीची गोष्ट वेगळी आहे. अखेरच्या तीन महिन्यांत ‘ई’ विषाणूची बाधा झाल्यास शंभरातील वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. गावात साथ असो वा नसो, गरोदर स्त्रीचे डोळे पिवळे दिसले, तर तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. या बाबतीत सासूबाईंचा अनुभव, शेजारणीचा सल्ला किंवा अमावास्या-पौर्णिमेचा विचार आड येऊ देऊ नये.

येथेच गावठी उपचारांचा प्रश्न येतो. गळ्यात घातलेली काविळीची माळ दिवसागणिक लांबत जाते आणि ती पायांपर्यंत आली की कावीळ उतरली, असे मानतात. माळ ओल्या काड्यांच्या गाठींची असते; काड्या सुकतात, आक्रसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. ती खुंटीला टांगली तरी लांबेल. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, तेही हातांना आधी चोळलेल्या सालीच्या रसामुळे होते. निरोगी माणसाचे हात धुऊन पाहावेत, पाणी तितकेच पिवळे होईल. हे उपचार करणाऱ्यांना यश येते, कारण ‘ए’ची कावीळ तशीही बरी होणारच असते. माळेने अपाय होत नाही, फक्त वेळ जातो. डाग देणे, नाकात झणझणीत रस पिळणे यांनी मात्र प्रत्यक्ष इजा होते. पथ्याचीही तीच तऱ्हा. हळद पिवळी म्हणून वर्ज्य, मीठ वर्ज्य, तेल वर्ज्य आणि नुसत्या उसाच्या रसावर रोगी ठेवायचा! रसवंतीतील बर्फ दूषित पाण्याचा असेल, तर ज्या वाटेने रोग आला त्याच वाटेने दुसरा येईल. मळमळ असेपर्यंत तळलेले पदार्थ टाळावेत, हे ठीक. पण वरण, भात, पोळी, दूध, फळे असा पुरेसा आहार रोग्याला मिळालाच पाहिजे. जुनाट यकृतविकारात तर डाळ, अंडी, दूध यांसारखी प्रथिने बंद केल्याने रोगी अधिकच खंगतो. पोटात पाणी झाले असल्यास मिठाचे प्रमाण मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावरून कमी करावे.

पाण्याची काळजी हा घराइतकाच ग्रामपंचायतीचाही विषय आहे. येथून जवळच मोझरीला ज्यांचा गुरुकुंज आश्रम आहे, त्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला, तो उगाच नव्हे. विहिरीत किंवा टाकीत हजार लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम या प्रमाणात चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर टाकली जाते की नाही, आणि शेवटच्या घरच्या नळाला क्लोरीन उतरतो की नाही, हे जलसुरक्षकाकडील ओ. टी. चाचणीने दोन मिनिटांत कळते. साथीच्या दिवसांत पाणी उकळून प्यावे, यापरता खात्रीचा उपाय नाही. गटारीतून गेलेली नळाची जोडणी गळकी असेल, तर घरोघरच्या साऱ्या खबरदारीवर पाणी पडते.

‘बी’ आणि ‘सी’ हे विषाणू पाण्यातून येत नाहीत. ते रक्तातून, दूषित सुईतून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि मातेकडून बाळाकडे जातात. एकत्र जेवल्याने ते पसरत नाहीत, म्हणून अशा रोग्याचे ताट वेगळे ठेवण्याचे कारण नाही. गुजरातेत मोडासा भागात २००९ साली पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे ‘बी’ काविळीची साथ पसरून अनेकांचे प्राण गेले. प्रत्येक तापाला इंजेक्शन मागण्याची आपल्याकडील हौस यासाठी सोडावी. घ्यावेच लागले तर सुई आपल्या डोळ्यांदेखत नव्या पाकिटातून काढली पाहिजे. दाढीचे पाते आणि जत्रेतील गोंदणाची सुई यांचाही असाच विचार करावा. हे विषाणू वीस-वीस वर्षे निमूट राहून यकृत कठीण करतात आणि प्रसंगी कर्करोगास कारण होतात. ‘बी’वर प्रतिबंधक लस आहे आणि नवजात बालकाला ती जन्मानंतर चोवीस तासांच्या आत मिळावयास हवी. ‘सी’वर लस नाही, परंतु बहुतेकांच्या बाबतीत तो बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली या दोन्हींची तपासणी व औषधे शासकीय रुग्णालयांतून विनामूल्य मिळतात. पूर्वी कधी रक्त घेतलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या किंवा घरात असा रोगी असलेल्या व्यक्तीने एकदा तरी रक्त तपासून घ्यावे.

दारूचा विषय वर्धा जिल्ह्यात अवघड होऊन बसतो. जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि तरीही दारू मिळते, हे कोणापासून लपलेले नाही. चोरून पिणारा आपल्या पिण्याविषयी डॉक्टरांनाही सांगत नाही आणि निदान लांबते. मोहाची असो, देशी असो की बाटलीबंद महागडी, यकृताला त्यातील मद्यार्कच कळतो, किंमत कळत नाही. यकृताचा सुरुवातीचा मेद दारू सोडल्यावर काही आठवड्यांत ओसरू शकतो; एकदा ते गाठाळ व कठीण झाले की तेवढी भरपाई होत नाही, पण तेव्हाही दारू सोडणारा अधिक जगतो. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास कंप, भ्रम, झटके येऊ शकतात. त्यामुळे घरच्यांनी त्याला कोंडून न ठेवता रुग्णालयाच्या देखरेखीखाली दारू सोडवावी.

न पिणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. गेल्या काही दशकांत यकृतात मेद साचण्याचा विकार झपाट्याने वाढला असून २०२१ साली केंद्र शासनाने त्याचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरहून अधिक असणे, मधुमेह आणि बैठे काम ही त्याची पूर्वसूचना. दिवसभर सुकाणूपुढे बसणारा चालक आणि दुकानाच्या गल्ल्यावरील मालक यांनी गोड चहाचे पेले, शीतपेये व तळण कमी करून रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालावे. वजन शेकडा सात ते दहा टक्के उतरले तरी यकृतातील मेद आणि सूज लक्षणीय प्रमाणात कमी होते.

शेतकरी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट. १९७४ साली गुजरात व राजस्थानच्या सीमेवरील सुमारे दोनशे खेड्यांत बुरशी लागलेला मका खाऊन शेकडो लोकांना कावीळ झाली व शंभराहून अधिक दगावले. त्या घरांतील कुत्रीही त्याच रोगाने मेली. दोष त्या बुरशीच्या विषाचा होता. ते विष उकळल्याने वा भाजल्याने पुरते जात नाही. म्हणून पावसात भिजलेले, बुरसलेले धान्य किंवा शेंगदाणे ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून घरात वापरू नयेत.

यकृत साफ करणारी म्हणून विकली जाणारी चूर्णे व काढे यांबाबत सावध राहावे. यकृत धुवावे लागत नाही. तेच शरीर धूत असते. वनस्पतीचे औषध अपाय करीत नाही, हाही भ्रम होय. करोनाच्या काळात गुळवेल सतत घेणाऱ्या काही रोग्यांच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला व सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असे सांगितले. वाद कसाही सुटो, घेणाऱ्याला वेल ओळखता येत नसेल तर धोका त्याचाच आहे. ताप-अंगदुखीवरील पॅरासिटामॉलही ठरलेल्या मात्रेपलीकडे यकृताला घातक असते. क्षयरोगाची औषधे घेताना मळमळ, गडद लघवी वा कावीळ दिसली, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. औषधे परस्पर कायमची सोडून देऊ नयेत, कारण डॉक्टर ती काही काळ थांबवून पुन्हा क्रमाक्रमाने सुरू करू शकतात. आणि कोणत्याही दवाखान्यात जाताना घरातील सर्व गोळ्या, चूर्णे, काढे पिशवीत घालून बरोबर न्यावे. रक्ताची साधी तपासणी आणि सोनोग्राफी यांच्या जोडीला ती पिशवी पाहिली, तर निदानाचे निम्मे काम तेथेच होते.