दुसऱ्या खेपेचं गाणं

आपल्यापैकी जे ऐंशीच्या दशकात कॉलेजात होते, त्यांना नाझिया हसन नक्की आठवत असेल. 1980 च्या ‘कुर्बानी’ सिनेमातलं तिचं गाणं गाजलं, तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये वाढलेली ही मुलगी आणि तिचा भाऊ झोहेब यांना घेऊन संगीतकार बिद्दू यांनी पुढच्याच वर्षी ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम काढला. सिनेमाचा टेकू नसतानाही गाण्यांची कॅसेट आपल्याकडे धो धो खपते, हे तेव्हा कंपन्यांना कळलं. मग दुसऱ्या अल्बमची घाई झाली. 1982 मध्ये ‘बूम बूम’ आला आणि त्यातली गाणी कुमार गौरवच्या ‘स्टार’ सिनेमात घेतली गेली. सिनेमा पडला, गाणी मात्र चालली. नाझिया त्या परीक्षेत पास झाली.

परीक्षा म्हणतो ते उगाच नाही. कोवळ्या वयात लोकांनी डोक्यावर घेतलेल्या गायकाला पहिल्या खेपेला वयाचे ग्रेस मार्क मिळतात. ‘एवढीशी पोर, पण काय गाते बघा!’ असं म्हणत आपण ऐकतो. दुसऱ्या खेपेला ती सवलत संपलेली असते.

मराठीत हे आपण सगळ्यांनी मिळून पाहिलं. 2008-09 मध्ये झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ सुरू होतं, तेव्हा घराघरात जेवणाची ताटं टीव्हीसमोर यायची. आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. तिच्याबरोबर लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि पुण्याची आर्या आंबेकर. आर्याचा जन्म आपल्या नागपूरचा, म्हणून तिच्याबद्दल आपल्याला अंमळ जास्तच माया! या पाचही मुलांनी त्या मंचावर मुख्यतः दुसऱ्यांची गाणी गायिली. नाट्यगीतं, अभंग, भावगीतं, लावण्या. सगळी आधीच लोकांच्या ओठांवर असलेली. त्यामुळे पुढे स्वतःचं गाणं कुठून आणायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे नाझियापेक्षाही मोठा होता.

त्यात निसर्गाची अडचण. वयात येताना स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. मुलांचा आवाज तर फुटतोच, पट्टी खाली उतरते. मुलींच्या आवाजाचाही पोत बदलतो. म्हणजे बाजाराला नवा अल्बम अगदी लगेच हवा असतो, आणि गळा मात्र ‘थोडं थांबा’ म्हणत असतो.

ही मुलं मोठी होईपर्यंत दुसरंच काही घडलं. कॅसेट गेली, पाठोपाठ सीडी गेली आणि अल्बम नावाची वस्तूच दुकानातून उठली. मग प्रत्येकाने आपापली वाट धरली. रोहित ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात अंतिम फेरीपर्यंत पोचला. आर्या 2017 मध्ये ‘ती सध्या काय करते’मध्ये नायिका म्हणून दिसली आणि त्यात गायलीही. आणि 2021 मध्ये लिटिल चॅम्प्सचं नवं पर्व आलं, तेव्हा हेच पाचजण परीक्षकांच्या खुर्चीत बसले होते!

पण श्रोतेहो, दुसऱ्या खेपेची सगळ्यात लांब वाट पाहिली ती नागपुरात गाणं शिकलेल्या एका मुलाने. 1935 मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ सिनेमात त्याने कृष्णाची भूमिका केली. आता त्याला सिनेमे मिळत राहणार, असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात पुढची कित्येक वर्षं तो पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होता. गाणं सुटलं नव्हतं. निरनिराळ्या घराण्यांची विद्या तो गोळा करत होता, मैफली करत होता. 1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत त्याच मुलाने, म्हणजे डॉ. वसंतराव देशपांडे यांनी, महाराष्ट्र जिंकला. मधे बत्तीस वर्षं गेली होती. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या ज्या सभागृहात आपण कार्यक्रमांना जातो, ते त्यांच्याच नावाचं.

बाल कलाकाराच्या आईवडिलांनी वसंतरावांची ही बत्तीस वर्षं लक्षात ठेवावीत. एवढं थांबायलाच हवं असं नाही, पण थांबल्याने गाणं मरत नाही, उलट पिकतं.

आणि आपण श्रोत्यांनी काय करावं? लहानपणी टीव्हीवर गाजलेला गायक गणेशोत्सवात किंवा कोजागिरीला आपल्या गावात येतो. आपण फर्माइशीच्या चिठ्ठ्या कशाच्या पाठवतो? त्याने बाराव्या वर्षी गायिलेल्या गाण्याच्याच. तो म्हणतो, ‘आता एक नवीन चाल ऐकवतो,’ आणि नेमके तेव्हाच आपण चहाला उठतो. कंपनीने घाई केली, वाहिनीने वापरून घेतलं, अशी तक्रार आपण करतो खरी, पण त्या मुलांना जुन्या गाण्यात अडकवून ठेवणारे आपणही असतो. तेव्हा पुढच्या वेळी चिठ्ठी पाठवायचीच असेल, तर तिच्यावर लिहा : ‘तुमचं नवीन काहीतरी म्हणा.’ आणि ते संपेपर्यंत जागेवर बसून राहा.